वेग आणि घाई : नेमबाजीतील एक धडा

बेळगावास मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे बंदुकीच्या सरावाची कल्पना आपल्या भागात कोणास नवी नाही. तथापि नेमबाजी हा सैनिकाप्रमाणेच खेळाडूच्याही अभ्यासाचा विषय आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. निपाणीहून सुमारे ४० किलोमीटरांवरील कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

या प्रकाराचे दोन टप्पे असतात. पहिल्यात ५ गोळ्यांच्या ६ फेऱ्या. प्रत्येक फेरीस ५ मिनिटे. दुसऱ्यातही गोळ्या ३० च. परंतु तेथे लक्ष्य केवळ ३ सेकंद खुले राहते आणि पुढील ७ सेकंद बंद होते. हात तिरपा खाली ठेवून थांबावयाचे, लक्ष्य खुले होताच तो उचलावयाचा आणि त्या ३ सेकंदांत एकच गोळी झाडावयाची.

इतक्या अल्प वेळात हात झटक्याने उचलून चाप ओढावा, असे कोणासही वाटेल. परंतु नेम चुकतो तो येथेच. चाप ओढण्यास किमान १ किलोग्रॅम जोर लागला पाहिजे, असा नियम आहे. तो जोर एका हिसक्याने दिला की मनगट हलते. पिस्तुलाच्या पुढील टोकावरील माशी आणि मागील खाच यांत २२ सेंटीमीटर अंतर धरा. माशी खाचेत १ मिलिमीटर जरी ढळली, तरी २५ मीटरांवर गोळी ११ सेंटीमीटरांहून अधिक बाजूस जाते. विद्यार्थ्यांनी त्रैराशिक मांडून पाहावे. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास या टप्प्यात अवघा १० सेंटीमीटर असतो!

मग वेग साधावयाचा कसा? बोटाची घाई करून नव्हे, तर व्यर्थ जाणारा वेळ वाचवून. मूठ प्रत्येक वेळी तंतोतंत तशीच बसली, तर हात वर येताच माशी खाचेत आपोआप जुळते. ती शोधण्यात क्षण दवडावा लागत नाही. हात वर येत असतानाच चापावर हलका दाब सुरू होतो. नजर लक्ष्यावर न खिळता माशीवर स्थिरावते. गोळी सुटल्यावरही हात क्षणभर तसाच राहतो. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, रिकाम्या पिस्तुलाने, प्रथम वेळेचे बंधन न ठेवता हीच कृती शेकडो वेळा करावयाची. ती निर्दोष झाल्यावरच वेळ कमी करावयाचा. हा क्रम उलटला की चूकच अंगवळणी पडते.

हंगेरीचे कारोय टाकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबाँबच्या स्फोटात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने मुळापासून अभ्यास केला आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये २५ मीटर जलद पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदके मिळविली. एका हाताने हरविलेला वेग दुसऱ्या हाताने सावकाश शिकूनच परत मिळविला.

आमची मातृभाषा कोंकणी. अध्यापनाच्या आरंभी, वर्गात भरभर बोलण्याच्या हौसेने, 'मला' म्हणावयाच्या जागी आमच्या तोंडून 'म्हाका' निघे आणि वर्ग हसे. पुढे आम्ही सावकाश, प्रत्येक शब्द तोलून बोलू लागलो. ओघ कधी आला, ते आम्हांसही कळले नाही. असे असूनही परीक्षेच्या दालनात आम्हीच मुलांना 'आटपा, घाई करा' असे बजावीत आलो. गणित येणाऱ्या मुलाची उत्तरपत्रिका खाडाखोडीने भरलेली पाहिली, तेव्हा आमची चूक उमगली. ज्याला आम्ही वेग द्यावयास हवा होता, त्याला केवळ घाई दिली होती.

आशियाई स्पर्धेच्या त्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडच्या प्रतिस्पर्धी यांचे गुण ३४ असे समान झाले. निर्णायक फेरीतही बरोबरीच झाली; दुसऱ्या निर्णायक फेरीत राही विजयी झाल्या. अशा वेळी ३ सेकंद पुरतात, ते मागे केलेल्या सावकाश अभ्यासामुळेच. विद्यार्थिमित्रहो, परीक्षेपूर्वीचे महिने आपल्या हाती आहेत. सावकाशीचा काळ तोच. तो दवडू नका.