शून्य भाड्याचं बिल

चीनमधल्या निंगबोहून न्हावा शेव्यापर्यंतचं सागरी भाडं शून्य डॉलर, असं कोटेशन हाती आलं तर लगेच खूश होऊ नका. एलसीएल मालात, म्हणजे अख्खा कंटेनर न घेता त्यातली थोडी जागा घेऊन आणलेल्या मालात, असे दर सर्रास मिळतात. कधी तर भाडं उणे असतं, तिकडच्या फॉरवर्डरलाच (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटलाच) वर पैसे मिळतात. यात धर्मादाय काही नाही. दर पाडून माल ओढायचा आणि वसुली इकडे डिलिव्हरी ऑर्डर (डीओ), म्हणजे माल सोडण्याचा आदेश, घ्यायला येणाऱ्याकडून करायची, असा हा हिशोब. तो येणारा म्हणजे तुम्ही.

एमएससी, मर्स्क यांसारख्या जहाज कंपन्या मुख्यतः भाडं लावतात ते अख्ख्या कंटेनरचं. कन्सोलिडेटर तो घेऊन त्यात अनेकांचा माल भरतो. इकडे आल्यावर कंटेनर बंदरातून उरण-द्रोणागिरीकडच्या एखाद्या सीएफएसमध्ये (कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये) जातो आणि तिथे रिकामा होतो. कस्टम्सची सगळी कागदपत्रं चोख असली तरी डीओशिवाय माल हलत नाही, आणि पैसे भरल्याशिवाय डीओ मिळत नाही. फुकट मुदत संपली की गोदामभाडं रोज चढतं. अशा वेळी घासाघीस कोण करणार?

बिलावर ओळी असतात त्या अशा: टीएचसी (टर्मिनल हाताळणी), डी-स्टफिंग (कंटेनर रिकामा करणं), हँडलिंग, डीओ फी, डॉक्युमेंटेशन, आयएसपीएस (बंदर सुरक्षा), कंटेनर इम्बॅलन्स. काही घनमीटरवर, काही प्रत्येक बीएलवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर. डॉलरमधल्या रकमा एजंट स्वतःच्या दराने रुपयांत आणतो. तो दर बँकेच्या दरापेक्षा चढाच असतो. सीएफएसचं बिल बहुधा वेगळं येतं आणि वर जीएसटी.

आकडे समजुतीपुरते धरा. माल 3 घनमीटर. पहिल्या एजंटचं भाडं शून्य, पण इकडे घनमीटरला 6,000 आणि बीएलमागे 9,000 रुपये, एकूण 27,000. दुसऱ्याचं भाडं घनमीटरला 40 डॉलर, इकडे घनमीटरला 2,000 आणि बीएलमागे 5,000. डॉलर 90 रुपये धरला तर 10,800 अधिक 11,000, म्हणजे 21,800. महाग दिसणारा इथे 5,200 रुपयांनी स्वस्त पडला.

म्हणून माझं मत सरळ आहे: पहिल्या खेपेला सीआयएफ भावात, म्हणजे भाडं आणि विमा पुरवठादाराने धरलेल्या भावात, माल घेऊच नका. त्यात फॉरवर्डर निवडतो पुरवठादार आणि त्याचे इकडचे दर भरता तुम्ही. एफओबी (तिकडे जहाजावर चढवेपर्यंतचा भाव) घ्या, नाहीतर एफसीए (तिकडे वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंतचा), आणि फॉरवर्डर आपला लावा. त्याच्याकडून डीओ हाती पडेपर्यंतचा सगळा खर्च, सीएफएस धरून, रुपयांत आणि ईमेलवर मागा. ‘ॲज पर ॲक्च्युअल’ असं उत्तर आलं तर दुसरा गाठा.

मापाकडेही नीट बघा. 60×40×50 सेंटिमीटरचे 20 खोके म्हणजे 2.4 घनमीटर. तेच खोके 1.2×1 मीटरच्या दोन पॅलेटवर दोन थरांत रचले, पॅलेटची उंची 15 सेंटिमीटर धरली, की माप होतं 2.76, आणि बऱ्याचदा बिल 3 चं निघतं. पुरवठादार पॅलेट ‘फ्री’ म्हणाला तरी तिची जागा फ्री नसते. माल जड असेल तर 1 टन म्हणजे 1 घनमीटर धरून जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. माल साधारण 13-15 घनमीटरच्या पुढे गेला तर अख्ख्या 20 फुटी कंटेनरचा भाव काढाच. आत सुमारे 33 घनमीटर जागा असते, प्रत्यक्षात 28 च्या आसपास भरतात. मात्र मग रिकामा कंटेनर वेळेत परत द्यायचा, नाहीतर डिटेन्शन, म्हणजे उशिराचं शुल्क, लागतं.

कस्टम्स ड्युटी माल, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर बसते. भाड्याचा पुरावा दाखवता आला नाही तर मूल्यांकन नियमांनुसार एफओबी किमतीच्या 20 टक्के भाडं धरलं जातं. 5 लाखांच्या मालावर ते झालं 1 लाख! सोबत लागणाऱ्या आयजीएसटीचं क्रेडिट पात्र व्यापाऱ्याला मिळतं, मूळ ड्युटी मात्र गेली ती गेली. फॉरवर्डरकडून फ्रेट सर्टिफिकेट आधीच घेऊन ठेवा. विमा सीआयएफ किमतीच्या 110 टक्क्यांवर काढायचा रिवाज आहे. तो टाळू नका, कारण वाहतूकदाराची जबाबदारी वजनावर किंवा नगांवर मर्यादित असते, मालाच्या किमतीवर नाही.

कोटेशनची मुदतही बघून घ्या. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीस जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा युरोपचे दर पाहता पाहता भडकले. चीन-भारत मार्ग तिथून जात नाही, पण जहाजं आणि रिकामे कंटेनर लांबच्या मार्गांवर अडकले की झळ इकडेही लागते.

बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडची आयातीची नोंद, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये. हाऊस बीएल (फॉरवर्डरने दिलेलं बीएल) आणि इन्व्हॉइस पुरवठादाराकडून जहाज सुटताच मागवून सीएचएकडे (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटकडे) द्या. चीनच्या वसंतोत्सवाच्या सुट्टीत तिकडे फोन उचलायलाही कोणी नसतं.