काखमांजर पुन्हा पुन्हा येतं तेव्हा

या महिन्यात ज्या दुखण्याबद्दल लिहिते आहे ते आपल्याकडे सहसा कुणी बोलून दाखवत नाही. काखेत, जांघेत, स्तनांखाली, कुल्ल्यांवर वारंवार येणारी गळवं. काखेतल्या गळवाला आपण काखमांजर म्हणतो, जांघेतल्याला काहीच म्हणत नाही, कारण ते दाखवायचंच नसतं.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयाच्या ड्रेसिंग रूममध्ये नोकरीला होते. एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी दर दोन-तीन महिन्यांनी यायची. काखेतलं गळू फाडायचं, पू काढायचा, गॉज भरायचा, पाच दिवसांच्या गोळ्या देऊन पाठवायचं. चौथ्या की पाचव्या खेपेला मी तिला म्हणाले, "अगं, रोज नीट आंघोळ करत जा." ती गप्प राहिली. पुन्हा आलीच नाही. पुढे कधीतरी बाजारात तिची आई भेटली. घरी नळाला दिवसाआड पाणी, तरी पोरगी दिवसातून दोनदा काख साबणाने घासत होती. इतकी की कातडी सोलली होती. चूक माझी होती. तिला आजार होता, आणि त्याचं नाव मला नर्सिंगच्या अभ्यासात कुणी शिकवलं नव्हतं.

नाव लांबलचक आहे: हायड्राडेनायटिस सपुरेटिव्हा. डॉक्टर एच. एस. म्हणतात, आपणही तेच म्हणू. फ्रान्समधल्या वेल्पो या शल्यचिकित्सकाने 1839 मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे 1854 मध्ये वर्नोय यांनी घामाच्या ग्रंथींना दोषी धरून त्याला नाव दिलं. ते चुकलं होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रत्यक्षात बिघाड सुरू होतो केसाच्या मुळाशी. तिथलं तोंड बुजतं, आतली पिशवी फुगते आणि कातडीच्या खाली फुटते. शरीराची संरक्षण यंत्रणा त्यावर गरजेपेक्षा जास्त जोराने तुटून पडते. म्हणून सूज, ठणका, पू. बरं होताना आत व्रण राहतो, आणि एका गळवापासून दुसऱ्यापर्यंत कातडीखालून भुयार तयार होतं. ते भुयार मग महिनोन्‌महिने पाझरत राहतं.

म्हणजे हा अस्वच्छतेचा आजार नाही. तो गुप्तरोग नाही. एकमेकांचा टॉवेल, ताट, अंथरूण वापरून तो लागत नाही. साधारण तिघांतल्या एका रुग्णाच्या घरात आणखी कुणाला तरी तो असतो, पण तो रक्ताच्या नात्यातून येतो, स्पर्शातून नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत तिस्स नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. त्याच्या अंगावर आधी मोहरीएवढे, मग मुगाएवढे, हरभऱ्याएवढे फोड आले. वाढत वाढत ते बेलफळाएवढे होऊन फुटले. चीवर पू-रक्ताने माखलं, वास येऊ लागला, सोबतचे भिक्खू त्याला टाकून गेले. तथागतांनी स्वतः पाणी तापवलं, त्याला आंघोळ घातली, चीवर धुऊन वाळवायला लावलं. तिस्साला कोणता आजार होता ते आज ठरवता येणार नाही. पण कल्याण पूर्वेला एका घरी मी पाहिलं, सुनेला पाझर आहे म्हणून तिचं अंथरूण दाराशी. तेव्हा सासूबाईंना मी हीच गोष्ट सांगितली. शिवाशिव काय असते हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे?

ओळखायचं कसं? रक्ताची अशी एकच तपासणी नाही. डॉक्टर बघून आणि विचारून ठरवतात. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा, याच ठरावीक जागी गाठ किंवा गळू आलं तर एच. एस.चा संशय घ्यायचा. बहुतेकदा सुरुवात वयात आल्यानंतर होते. रिक्षा चालवणाऱ्या, तासन्‌तास गरम सीटवर बसणाऱ्या पुरुषांना कुल्ल्यांवर आणि जांघेत होतं, तेही लाजेपोटी वर्षं काढतात. जगभरच या आजाराचं निदान व्हायला सरासरी सात ते दहा वर्षं लागतात, कारण दर वेळी नवा डॉक्टर आणि दर वेळी तेच "साधं गळू". म्हणून कॅलेंडरवर तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि केसपेपर निघाल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: "याच जागी हे चौथ्यांदा आलंय."

काखेतली प्रत्येक गाठ मात्र एच. एस. नसते. क्षयाच्या गाठीही फुटून पाझरतात. बाईच्या काखेत न दुखणारी, कडक गाठ असेल तर स्तनाची तपासणी आधी.

कल्याण-डोंबिवलीकरांनी रुक्मिणीबाई किंवा शास्त्रीनगर रुग्णालयात दाखवून पुढची चिठ्ठी मागावी. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, तिथल्या त्वचारोग ओपीडीत दाखवता येतं. मेडिकलवाल्याकडून "खाजेची ट्यूब" आणू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, कातडी पातळ होते. बिब्बा, चुना तर नकोच. बिब्ब्याने भाजलेली काख मी पाहिली आहे.

सौम्य आजारात क्लिंडामायसिनचं लोशन, किंवा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही आठवडे देतात. त्या जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवण्यासाठी असतात, म्हणून पाच दिवसांत बंद करायच्या नाहीत. त्याने भागलं नाही तर क्लिंडामायसिनसोबत रिफॅम्पिसिन. हे क्षयाचं औषध आहे. क्षय नाही हे तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घेऊ नका. त्याने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. पण गर्भनिरोधक गोळ्यांचा असर जातो, तेव्हा दुसरं साधन वापरा. तीव्र आजारासाठी अडालिमुमॅबचं इंजेक्शन आहे. 2014 पासून ते भारतात बनतं, तरी आपल्या खिशाला जडच. तेही क्षयाची तपासणी करूनच. गळू नुसतं फाडल्याने ठणका थांबतो, आजार नाही. भुयारं झाली असतील तर शल्यचिकित्सक भुयाराचं छप्परच उघडतात किंवा तेवढा भाग काढून टाकतात, ते जास्त टिकतं.

घरी करायचं ते असं. पिळायचं नाही, सुई टोचायची नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दिवसातून दोनदा शेक. काथ्या-घासणीने घासणं बंद. गळू असताना रेझर नको, केस कात्रीने बारीक करा. घट्ट बाह्यांचं ब्लाउज आणि नायलॉन टाळा. पाझरासाठी जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या घड्या उकळून कडक उन्हात वाळवलेल्या चालतात, चिकटू नयेत म्हणून खाली व्हॅसलीन लावा. विडी-सिगारेट सोडा, तिचा या आजाराशी जवळचा संबंध आहे. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी घर्षण कमी होतं. पण "जाडीमुळे झालं" असं कुणाला ऐकवू नका, सडपातळ माणसांनाही होतं. साखर तपासून घ्या.

थंडी-ताप आला, लाली झपाट्याने पसरू लागली, किंवा मधुमेह असताना गळू वाढलं तर त्याच दिवशी दवाखाना. कित्येक वर्षं पाझरणाऱ्या जागी न भरणारं, वाढतं मांस दिसलं तर कर्करोगाची तपासणी हवी.

डॉक्सिसायक्लिन सुरू केलेल्यांसाठी एक राहिलं: गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्या, घेऊन लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. आणि दिवस राहिले असतील किंवा शंका असेल तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.