दुसऱ्याची ठेव

शास्त्रपाठ : 2 राजे 11:1–12, निर्गम 1:15–21 व 2:1–10, 1 राजे 3:16–28
(वरच्या वर्गासाठी व शिक्षकांसाठी)



अथल्या राणीने राजवंशाचा संहार आरंभिला, तेव्हा यहोशेबा नावाच्या स्त्रीने आपल्या भावाचे तान्हे लेकरू उचलले आणि दाईसह लपवून ठेविले. पुढे सहा वर्षे तो बाळ योवाश परमेश्वराच्या मंदिरात होता. शब्बाथ शाळेत हा धडा आम्ही शिकवितो तो बहुधा सातव्या वर्षापासून. मुकुट, तुतारी, टाळ्या, यहोयादा याजकाचा पहारा हे सारे मुलांना आवडते. पण मधल्या सहा वर्षांचे काय? रांगते मूल रात्री रडते, त्याला ताप येतो, दात येतात, ते बोलू लागते आणि नको तेव्हा नको ते बोलते. शेजारीण विचारते, "हे कोणाचे हो?" यहोशेबेने काय उत्तर दिले असेल? शास्त्र याविषयी मौन धरते.

विसाव्या शतकात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, युरोपातील शेकडो मठांतून धर्मभगिनींना हेच उत्तर रोज द्यावे लागले. राणीच्या जागी हिटलरचे राज्य होते, आणि लपवायचे लेकरू एक नव्हते.

पोलंडची राजधानी वॉर्सा. 1940 च्या नोव्हेंबरात जर्मनांनी तेथील यहूदी वस्ती भिंत घालून बंद केली आणि चार लाखांहून अधिक जीव आत कोंडले. 1942 च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत त्यांतील अडीच लाखांहून अधिक लोकांना आगगाडीने त्रेब्लिंका येथे नेऊन मारले. यहूद्याला आसरा देणाऱ्यासही मरणाची शिक्षा, असा हुकूम 1941 च्या ऑक्टोबरातच निघाला होता. अशा दिवसांत मातिल्दा गेटर नावाच्या वृद्ध धर्मभगिनीने, सत्तरी ओलांडलेली असताना, आपल्या संघाची अनाथालये यहूदी मुलांना उघडी केली. वॉर्साच्या आसपास त्यांची अशी अनेक घरे होती. तेथे वाचलेल्या मुलांची संख्या पाचशेहून अधिक सांगतात. एखाद्या मुलाचा चेहरा पाहताच ओळख पटेल असा असला, तर जखम झाल्याप्रमाणे तोंडाला पट्ट्या बांधून त्याला एका घरातून दुसऱ्या घरी नेत. काळे केस रंगवून पिंगट करीत. मुलाला नवे नाव, नवा दाखला आणि ख्रिस्ती प्रार्थना शिकवीत. कारण रस्त्यात कोणी अडविले तर प्रार्थना म्हणून दाखीव, हीच परीक्षा असे.

या भगिनींकडे मुले पाठविणाऱ्यांपैकी एक होती इरेना सेंडलर, वॉर्सा नगरपालिकेची समाजसेविका. तिने व तिच्या सोबत्यांनी भिंतीआडून मुले काढून घरोघरी व मठोमठी पोहोचविली. तो आकडा सुमारे अडीच हजार असा सांगितला जातो. इरेनाची एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात सावकाश सांगावी. पातळ कागदाच्या पट्ट्यांवर ती प्रत्येक मुलाचे दोन्ही नावांनी टिपण करी. आईबापांनी ठेवलेले नाव आणि जीव वाचविण्यासाठी दिलेले नाव. त्या पट्ट्या काचेच्या बरण्यांत घालून एका मैत्रिणीच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली पुरल्या. 1943 च्या ऑक्टोबरात तिला पकडले, छळले, मरणाची शिक्षा दिली. तिने एक नाव सांगितले नाही. सोबत्यांनी लाच देऊन तिला सोडविले. कागद सापडला असता तर मुले मेली असती, तरीही ती कागद लिहीत होती. का? युद्ध सरले की ज्याचे लेकरू त्याला परत करता यावे म्हणून.

आमच्या मराठीत 'ठेव' असा एक चांगला शब्द आहे. शेजारी गावाला जाताना दागिन्यांचा डबा आपल्या घरी ठेवून जातो. तो आपण राखतो, पण वितळवून त्याची बांगडी करीत नाही.

दक्षिण फ्रान्समधील कापदेनाक गावच्या मासिप मठशाळेत डेनीज बर्गोन ही भगिनी प्रमुख होती. वय अवघे तीस. 1942 च्या हिवाळ्यापासून 1944 पर्यंत तिने 83 यहूदी मुले शाळेत राखली, आणि ही मुले खरी कोणाची हे मठातल्या फारच थोड्या भगिनींस ठाऊक होते. बाकीच्यांना सांगितले होते की ही सीमेकडील निर्वासित मुले आहेत. त्यांना उपासनेचे काही कसे येत नाही, असे कोणी विचारले, तर उत्तर तयार असे : कम्युनिस्टांच्या घरची आहेत! आईबापांनी सोपविलेले दागिने तिने बागेत पुरून ठेवले. झडतीची भीती वाढली तेव्हा मोठ्या मुलांना प्रार्थनागृहाच्या जमिनीखालच्या भुयारात दाटीवाटीने दडविले. पुढे युद्ध संपले आणि ज्यांचे कोणी उरले होते त्यांच्या हाती तिने मुले सोपविली, दागिनेही.

येथे वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा हात वर करणारच : सिस्टर खोटे बोलल्या ना? हा प्रश्न टाळू नये. खुद्द डेनीज बर्गोनच्या मनाला तो टोचला होता. तिने तुलूझचे आर्चबिशप सालिएज यांना विचारले, आणि जीव वाचत असेल तर बेलाशक खोटे बोला, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. हेच सालिएज 1942 च्या ऑगस्टात, पक्षाघाताने जीभ अडखळत असता, यहूदी हीही माणसे आहेत, आमचे बंधू आहेत, असे पत्र लिहून आपल्या प्रांतातील मंदिरांतून वाचवून घेणारे. निर्गमच्या पहिल्या अध्यायातील शिप्रा व पुवा या सुइणींनी फारोला जे सांगितले ते खरे नव्हते, तरी देवाने त्यांचे कल्याण केले असे शास्त्र सांगते. आम्हांस वाटते, खुन्याला पत्ता न सांगणे हा नवव्या आज्ञेचा भंग नव्हे. ती आज्ञा शेजाऱ्याच्या रक्षणासाठीच दिलेली आहे. परंतु आमच्या मते याहून अवघड प्रश्न दुसराच आहे, आणि त्याकडे वळण्यासाठी थोडे आमच्या गावाकडे यावे लागेल.

आम्ही हे सिल्वासाहून लिहीत आहोत. हा नगर हवेलीचा मुलूख पेशव्यांनी अठराव्या शतकात पोर्तुगिजांस दिला आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी तो मुक्त झाला. म्हणजे महायुद्धात हुकूम येई तो लिस्बनहून, सालाझारच्या सरकारचा. त्याच सरकारचा बोर्दो येथील वकील आरिस्तिदेश द सौझा मेंदेश याने 1940 च्या जूनमध्ये हुकूम मोडून हजारो निर्वासितांस परवाने दिले, त्यांत पुष्कळ यहूदी होते. त्यापायी त्याची नोकरी गेली, आणि सिल्वासा मुक्त झाले त्याच वर्षी तो दारिद्र्यात मेला. पोर्तुगालचा हा एक चेहरा. दुसरा चेहरा जुना आहे. 1497 साली राजा मानुएल पहिला याने फर्मान काढले की यहूद्यांची चौदा वर्षांखालील मुले आईबापांपासून हिसकावून घ्यावी आणि त्यांचा बाप्तिस्मा करून ख्रिस्ती घरी वाढवावी. ही मुलेही ख्रिस्ती घरांतच गेली. त्यांनाही नवी नावे मिळाली, ख्रिस्ती प्रार्थना शिकविल्या गेल्या. बाहेरून पाहिले तर वॉर्साच्या अनाथालयात आणि या घरांत काय फरक दिसला असता?

फरक युद्ध संपल्यावर दिसतो. फ्रान्समधील ग्रनोब्ल शहराजवळ फिनाली नावाचे यहूदी डॉक्टर राहत. 1944 च्या फेब्रुवारीत त्यांना व त्यांच्या पत्नीला पकडले. दोघेही ऑश्विट्झला मेली. रोबेर व जेराल ही त्यांची दोन बाळे नोत्र-दाम द सियोन मठात आली, तेथून नगरपालिकेच्या शिशुगृहाच्या संचालिका आंत्वानेत ब्रून यांच्याकडे गेली. बाईंनी मुलांचा जीव वाचविला, यात संशय नाही. 1945 मध्ये मुलांच्या आत्याने न्यूझीलंडहून लिहिले की आमची मुले आम्हांस द्या. बाईंनी दिली नाहीत. 1948 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा करविला. खटला वर्षानुवर्षे चालला, आणि न्यायालयाने मुले परत द्या म्हणताच ती नाहीशी झाली! 1953 च्या फेब्रुवारीत त्यांना डोंगर ओलांडून स्पेनमध्ये नेण्यात आले. या लपवाछपवीबद्दल त्याच मठाच्या मुख्य भगिनीस अटक झाली. अखेर कार्डिनल गेर्लिये व यहूदी धर्मगुरू काप्लान यांच्यात बोलणी होऊन जूनमध्ये मुले फ्रान्सला परत आली आणि जुलैत इस्राएलास, दुसऱ्या आत्याकडे, गेली.

त्याच मठाने शत्रूपासून लपविलेली मुले, आणि पुढे त्याच मठाच्या प्रमुखेने आत्यापासून लपविलेली. शलमोनासमोरच्या दोन स्त्रिया येथे आठवतात. त्या गोष्टीत लेकरावर हक्क सोडणारी हीच खरी आई ठरली. ब्रूनबाईंची माया खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. तान्ह्यांना छातीशी धरून वाढविले की हात सुटत नाही, हे आयांना सांगावयास नको. तरीही हात सोडावयास हवा होता.

हे वाचून कोणी आमचा वाचक 'पाहा, रोमन कॅथलिकांची करणी' असे म्हणून मान डोलवील, तर त्याने जरा थांबावे. फ्रान्समध्येच ल शाँबों गावी पाळक आंद्रे त्रोक्मे यांच्या प्रॉटेस्टंट मंडळीने शेकडो यहूदी मुले राखली, याचा आम्हांस योग्य तो आनंद आहे. पण घरची गोष्टही पाहावी. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा कोणाच्या धर्मास हात लावणार नाही असे आश्वासन दिले होते. त्या स्वतः प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, मुली आपणहून येऊन बसत. 1893 मध्ये पुण्यात वादळ झाले, वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या, रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपण सोडले. ही कथा आम्ही आजवर पंडिताबाईंच्या छळाची म्हणूनच सांगत आलो आहोत. त्या छळल्या गेल्या हे खरेच. परंतु आमचे मत असे की पालकांचा प्रश्नही पोकळ नव्हता. ज्या बालविधवेला जगात दुसरे छप्परच नाही, तिच्यासाठी उघडे दार किती उघडे असते?

आमचा मुद्दा येथे आहे. ज्याचा जीव आपल्या मुठीत आहे, त्याला विश्वासाचा प्रश्न विचारता येत नाही. कारण 'नाही' म्हणण्याची सोय त्याच्याजवळ उरलेली नसते. सुवार्ता सांगू नये असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणालो तर हा लेख लिहिण्याचा अधिकारच आम्हांस राहणार नाही. डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत बेने इस्राएल बांधवांना ख्रिस्त उघडपणे सांगितला, आणि त्यांच्यासाठी मराठीत हिब्रूचे व्याकरणही लिहिले. त्या लोकांनी हिब्रू घेतली, शाळा घेतल्या, शास्त्राचे मराठी भाषांतर घेतले, आणि अगदी थोडे वगळता आपल्या सिनेगॉगमध्येच राहिले. त्यांना 'नाही' म्हणता येत होते. विल्सनसाहेबांच्या मिशनला हे अपयश वाटले असेल. आम्हांस ते तसे वाटत नाही.

आणखी एका मुलाविषयी सांगावे. साउल फ्रीडलेंडर हा प्रागचा यहूदी मुलगा फ्रान्समधील एका कॅथलिक शाळेत लपविला गेला. बाप्तिस्मा झाला, नाव बदलले, आईबाप ऑश्विट्झला मेले. मुलगा इतका भक्तिमान झाला की पुढे धर्मगुरू व्हावे असे त्याच्या मनात होते. युद्धानंतर एका जेझुइट पाद्र्याने त्याला समोर बसवून ऑश्विट्झ म्हणजे काय ते सांगितले. त्या पाद्र्याला गप्प राहता आले असते, आणि त्याच्या संघाला एक हुशार तरुण मिळाला असता. फ्रीडलेंडर 1948 मध्ये इस्राएलास गेला, आणि पुढे त्याच संहाराचा मोठा इतिहासकार झाला.

शिक्षकांसाठी थोडे. आमच्याकडे कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबे आपली मुले शेजाऱ्यांवर टाकून पाळीला जातात. वसतिगृहांत खेड्यापाड्यांची वारली, कोकणा मुले असतात. शब्बाथ शाळेतही शेजारची मुले गाण्यांसाठी येऊन बसतात. आपल्याकडेही असेच असेल. या मुलांच्या घरच्या देवांविषयी वर्गात थट्टा होऊ देऊ नये, आणि त्यांचे घरचे नाव बदलून 'सोपे' नाव ठेवू नये. आईबापांना न सांगता त्यांना कशातही उभे करू नये, नाताळच्या नाटुकल्यातसुद्धा.

वर्गात निर्गम 2:1–10 वाचून घ्यावे आणि मुलांना विचारावे : फारोच्या कन्येने बाळ कोणाचे हे ओळखले होते; मग दूध पाजावयास तिने कोणाला ठेवले, आणि त्या स्त्रीने त्याला मांडीवर घेऊन कोणत्या भाषेत अंगाई म्हटली असेल? मोठ्यांच्या वर्गाला विचारावे : 1945 साली न्यूझीलंडहून आलेले ते पत्र तुमच्या हाती पडले असते, मुलगा तुम्हांला आई म्हणत असता, तर उत्तरात तुम्ही काय लिहिले असते? उत्तरे कागदावर लिहून घ्यावी, मोठ्याने वाचून दाखवू नयेत.