पत्र्याचे छप्पर आणि मळसूत्राचे शास्त्र

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्याला समांतर असे उत्तरेकडे सरकत गेले. दोन्ही वेळी गावोगावच्या पंचनाम्यांतून एकच नोंद पुनःपुन्हा वाचावयास मिळाली : ‘छपराचे पत्रे उडाले.’

‘निसर्ग’नंतर काही दिवसांनी प्रस्तुत लेखकास किनाऱ्यालगतच्या एका गावातील शाळेत जाण्याचा योग आला. वर्गखोल्यांवर आकाश होते. उडालेले पत्रे गावकऱ्यांनी शेतांतून, वाड्यांतून गोळा करून आवारात एकावर एक रचून ठेवले होते. मुख्याध्यापकांनी वर बोट दाखवून विचारले, “साहेब, स्क्रू तर एकही निघालेला नाही. सगळे जागच्या जागी उभे आहेत. मग पत्रे गेले कसे?” खरोखरच लोखंडी आडव्या पट्ट्यांवर, ज्यांना कारागीर ‘पर्लिन’ म्हणतात त्यांवर, स्क्रूंची रांग जशीच्या तशी होती. खाली रचलेल्या पत्र्यांना मात्र गोल भोके राहिली नव्हती. त्यांच्या जागी बोटभर लांबीच्या फाटलेल्या चिरा होत्या.

मुख्याध्यापकांच्या या प्रश्नाचे उत्तर शाळा, समाजमंदिरे, अंगणवाड्या आणि घरकुले यांच्या कामांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावयास हवे. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. वारा छपराला काय करतो आणि मळसूत्र त्याला कसे धरून ठेवते, या दोन गोष्टी समजल्या की पुरे.

वारा छप्पर दाबतो की उचलतो?

वाऱ्यामुळे छप्पर खाली दाबले जात असावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. कमी उताराच्या छपरावर बहुतांशी याच्या उलट घडते. वारा छपरावरून वेगाने वाहू लागला की पृष्ठभागावरील हवेचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. त्यातच एखादी खिडकी फुटली किंवा दार उघडे राहिले, तर आत शिरलेली हवा खालून रेटा देते. अशा रीतीने वरून ओढ आणि खालून रेटा, असे दोन्ही जोर एकाच दिशेने काम करतात.

हा जोर किती असतो? भारतीय मानक आय. एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात याचे सूत्र दिलेले आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला इतके मीटर असा घेऊन त्याचा वर्ग करावा व त्यास ०.६ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे दर चौरस मीटरवरील दाब, न्यूटनमध्ये. मुंबईसाठी या मानकात मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरलेला आहे. गणित केल्यास दाब येतो सुमारे ११६० न्यूटन. आपल्या रोजच्या भाषेत दर चौरस मीटरला जवळजवळ ११८ किलो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पन्हळी पत्र्याचे स्वतःचे वजन मात्र चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास असते. म्हणजे वजनाने पत्रा जागेवर राहील, ही आशाच व्यर्थ होय. छपराच्या कडा, कोपरे आणि आढ्यालगतचा भाग येथे हा ओढीचा जोर दीडपट ते दुप्पट होऊ शकतो. उडालेल्या छपराची सुरुवात कोपऱ्यातून किंवा वळचणीपासून होते, याचे कारण हेच.

आता हा भार प्रत्येक स्क्रूच्या वाट्याला किती येतो ते पाहू. पर्लिनमधील अंतर १.२ मीटर आणि स्क्रूंमधील अंतर अर्धा मीटर असेल, तर एक स्क्रू ०.६ चौरस मीटर पत्रा सांभाळतो. त्याच्यावर सुमारे ७० किलोंची ओढ येते. कारागिराने वेळ वाचविण्यासाठी एक सोडून एक स्क्रू मारला, तर उरलेल्यांवर १४० किलो. खालून पाहणाऱ्यास दोन्ही छपरे सारखीच दिसतात.

गुंडाळलेला उतार

मळसूत्र म्हणजे काय, हे शिक्षकांना वर्गात एका कागदाने दाखविता येते. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोवती गुंडाळावा; त्याची तिरकी बाजू पेन्सिलीवर आट्यांसारखी चढत जाते. स्क्रूचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच होय. चढणीच्या घाटात वळणे जितकी अधिक तितका चढ सोपा, तसाच हा प्रकार आहे.

उदाहरणादाखल १२ मिलिमीटर व्यासाचा मेट्रिक बोल्ट घेऊ. त्याच्या दोन आट्यांमधील अंतर १.७५ मिलिमीटर असते. तीनशे मिलिमीटर लांबीच्या पान्याने नट एक पूर्ण फेरा फिरवला की आपला हात सुमारे १८८५ मिलिमीटर फिरतो आणि नट पुढे सरकतो अवघा पावणेदोन मिलिमीटर. घर्षण नसते, तर दहा किलोंच्या जोराने दहा हजार किलोंहून अधिक ताण निर्माण झाला असता. प्रत्यक्षात शंभरांपैकी सुमारे पन्नास भाग शक्ती नटाखालील घर्षणात आणि चाळीस भाग आट्यांतील घर्षणात खर्च होते. ताण म्हणून हाती पडतात ते जेमतेम दहा. तरीही हजार-बाराशे किलोंचा ताण काही लहान नव्हे. शिवाय जे घर्षण आपली शक्ती खाते, तेच सोडलेला नट आपोआप उलटा फिरू देत नाही. ते नसते तर कोणताच जोड टिकला नसता.

आट्यांचे माप सर्वत्र एकसारखे असणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली एकच प्रमाण सुचविले, त्यापूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच असे नव्हते. आपल्याकडे मेट्रिक पद्धत येऊन पुष्कळ वर्षे लोटली, तरी हार्डवेअरच्या दुकानात ‘तीन सुती’, ‘चार सुती’ ही भाषा अद्याप ऐकू येते. भाषेला हरकत नाही; पण चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा नट बारा मिलिमीटरच्या बोल्टवर चढविण्याचा खटाटोप करू नये. दोघांच्या आट्यांतील अंतर वेगळे असते. नट एक-दोन फेरे फिरून अडतो, आणि मग पान्याच्या जोरावर पुढे रेटला जातो. तो घट्ट बसल्यासारखा वाटतो. आत मात्र आटे सोलवटलेले असतात.

डोके आणि हत्यार

स्क्रू फिरवायचा तो त्याच्या डोक्याला धरून. सरळ खाचेच्या डोक्यातून पेचकस बाजूला निसटतो, हा अनुभव घराघरातला आहे. कॅनडातील पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास चौकोनी खळीचा स्क्रू काढला. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांच्या फुलीच्या खाचेला १९३६ मध्ये एकस्वे मिळाली. या खाचेत पेचकसाचे टोक आपोआप मध्यावर बसते, म्हणून यंत्राने स्क्रू बसविणाऱ्या कारखान्यांना ती सोयीची ठरली. तथापि जोर वाढला की टोक फुलीतूनही वर निसटू पाहते. छपराच्या स्क्रूला षट्कोनी डोके असते ते यासाठीच. त्यावर सॉकेट सहा बाजूंनी बसते, निसटत नाही आणि छपरावर ओणवे होऊन काम करणाऱ्या माणसाला सगळे वजन यंत्रावर टाकावे लागत नाही. मात्र ८ मिलिमीटरच्या डोक्याला ८ मिलिमीटरचेच सॉकेट हवे. झिजलेले सॉकेट डोक्याचे कोपरे गोल करते आणि त्यावरील जस्ताचा थर खरवडते. कोकणातील खाऱ्या हवेत गंज तेथूनच शिरतो.

स्वतःच भोक पाडणाऱ्या स्क्रूच्या टोकाला ड्रिलसारखे पाते असते. त्या पात्याची लांबी पत्रा आणि पर्लिन यांच्या एकत्रित जाडीपेक्षा जास्त असली पाहिजे. भोक पडण्याचा वेग मंद आणि आट्यांचा पुढे सरकण्याचा वेग जलद. म्हणून पाते पर्लिनमधून आरपार जाण्यापूर्वी आटे पत्र्यात अडकले, तर पत्रा वर उचलला जातो किंवा टोक जळून जाते. पातळ पट्टीसाठी आणलेला स्क्रू जाड अँगलवर वापरल्यास असे होते. बसविल्यानंतर पर्लिनच्या खालच्या बाजूस निदान तीन पूर्ण आटे बाहेर दिसावेत. शिडी लावून आतून पाहिले की ही परीक्षा कोणीही करू शकतो.

यंत्राबाबतही थोडे सांगणे अगत्याचे आहे. घणासारखे ठोके देत फिरणारे ‘इम्पॅक्ट’ यंत्र जाड बोल्टांसाठी उत्तम. पण पत्र्याच्या स्क्रूंवर ते वापरले तर कोठे थांबावे याचा अंदाज हाताला राहत नाही. ठराविक खोलीवर आपोआप थांबणारे स्क्रू-यंत्र यासाठी योग्य. डोक्याखालचा रबरी वायसर धातूच्या वाटीच्या कडेशी किंचित फुगलेला दिसावा. तो मुळीच फुगला नसेल तर पाणी झिरपते; चेपून बाहेर पसरला असेल तर उन्हात लवकर तडकतो आणि पत्र्याचा उंचवटाही खाली दबतो.

लाकडी छपराची गोष्ट निराळी. तेथे जाड आट्यांचा, अणकुचीदार स्क्रू हवा आणि त्यापूर्वी गिरमिटाने बारीक भोक. आपल्याकडे स्क्रू हातोड्याने तीन-चतुर्थांश ठोकून शेवटचे दोन फेरे पेचकसाने देण्याची वाईट खोड आहे. अशाने लाकडाचे तंतू तुटतात, आट्यांना धरायला काही उरत नाही. त्या स्क्रूची किंमत खिळ्याइतकीही राहत नाही, पैसे मात्र स्क्रूचे पडतात.

डार्विन शहराचा धडा

पुन्हा मुख्याध्यापकांच्या प्रश्नाकडे येऊ. छप्पर तीन तऱ्हांनी जाते. स्क्रू पर्लिनमधून उपटला जातो; किंवा पर्लिन स्वतःच कैचीपासून सुटून पत्र्यासकट उडते; किंवा स्क्रू जागेवर राहतो आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून फाटून निघतो. उडालेला पत्रा आणि उरलेला सांगाडा पाहिला की यांतील कोणता प्रकार घडला ते कळते. शाळेत घडला तो तिसरा.

या तिसऱ्या प्रकाराची जगाला ओळख झाली ती ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरात. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ‘ट्रेसी’ चक्रीवादळाने ते शहर उद्ध्वस्त केले. वेगमापक यंत्र ताशी २१७ किलोमीटरची नोंद करून बंद पडले. सत्तर टक्क्यांहून अधिक घरे नष्ट झाली किंवा मोडकळीस आली. छपरांचे पत्रे आणि स्क्रू पूर्वी चाचणीत उतरलेले होते, हे विशेष. ती चाचणी मात्र एकदा भार ठेवून पाहण्याची होती. वादळातील वारा झोताझोताने येतो. पत्रा तासन्‌तास वर-खाली वाकतो. तार पुनःपुन्हा वाकविली की ती तुटते, त्याचप्रमाणे स्क्रूभोवतीच्या पत्र्यात बारीक चिरा पडल्या, त्या वाढल्या, आणि शेवटी एरवी सहज सोसला असता अशा भारानेही पत्रा निघून गेला. एक पत्रा सुटला की शेजारच्यावर अधिक भार, असे करीत सगळे छप्पर गेले. त्यानंतर तेथे हजारो वेळा भार देऊन पत्र्यांची परीक्षा घेणे सुरू झाले. १९७७ साली टाउन्सव्हिल येथील जेम्स कुक विद्यापीठात यासाठी स्वतंत्र चाचणी केंद्र स्थापन झाले. स्क्रूच्या डोक्याखाली भार पसरविणारे रुंद वायसर घालण्याची पद्धतही तेथे रुळली.

आमच्या शाळेतील स्क्रूंना रुंद वायसर नव्हते, काही ठिकाणी पत्र्याचे उंचवटे अतिघट्टपणाने चेपलेले होते आणि वळचणीच्या पर्लिनवरही एक उंचवटा सोडूनच स्क्रू मारलेले होते. एवढे पुरेसे आहे.

विदर्भ-मराठवाड्यात वादळी समुद्र नसला, तरी ऊन आहे. पत्र्याचे तापमान पहाट ते दुपार पन्नास अंशांनी बदलल्यास पाच मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे तीन मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. रोजच्या या ओढाताणीने स्क्रूचे भोक लांबट होते. वळवाच्या वावटळीत तोच पत्रा प्रथम सुटतो. जुन्या सिमेंट-पत्र्यांसाठी आकड्याचे बोल्ट वापरीत, ज्यांचे भारतीय मानक आय. एस. ७३० आहे, त्यांचे भोक बोल्टपेक्षा थोडे मोठे ठेवावयाचे ते या हालचालीसाठीच. असे अॅस्बेस्टॉसचे पत्रे दुरुस्त करताना नव्याने भोके पाडू नयेत. ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

मोजणीची बाब

अंदाजपत्रकात ‘स्क्रू व आवश्यक साहित्यासह पत्रे बसविणे’ असे एका ओळीत लिहिलेले असते. मोजमाप पुस्तिकेत पत्र्याचे चौरस मीटर येतात. स्क्रू कोणी मोजत नाही. पंचायत सदस्यांनी कनिष्ठ अभियंत्यांकडून स्क्रूंची जागा दाखविणारा आराखडा मागून घ्यावा आणि काम चालू असतानाच मोजणी करावी, कारण वर चढण्यासाठी बांधलेली परात नंतर उरत नाही. काम झाल्यावर पत्र्यावर पडलेला लोखंडी कीसही झाडून घ्यावा. तो पहिल्या पावसात गंजतो आणि पत्र्याला डाग व भोके पाडतो.

समजा, वर्गखोल्यांच्या छपराला दोन उतार आहेत, प्रत्येक उतारावर एक मीटर रुंदीचे बारा पत्रे, चार पर्लिन आणि प्रत्येक पत्र्याला चार उंचवटे. आराखड्यात वळचणीच्या व आढ्यालगतच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्यास, मधल्या दोन पर्लिनवर एक सोडून एक, आणि दोन्ही टोकांच्या पत्र्यांवर सर्वत्र प्रत्येक उंचवट्यास स्क्रू दाखविला आहे. टोकाच्या पत्र्याला सोळा, मधल्याला बारा. एका उताराचे १५२, दोन्हींचे मिळून ३०४. आढ्यावरचा पत्रा आणि पत्र्यांचे सांधे यांचे स्क्रू याहून वेगळे. हे गणित सातवीचा विद्यार्थीही सोडवू शकतो, आणि त्या शाळेचे नवे छप्पर चढताना मुख्याध्यापकांनी ते फळ्यावर मांडून मुलांकडून सोडवूनही घेतले. ठेकेदाराने आणलेली स्क्रूंची खोकी मोजली, तेव्हा ती दोनशेचीच निघाली. उरलेले स्क्रू दुसऱ्या दिवशी सकाळी आले.