अनामत

१९९३ साली मराठवाड्यात मोठा भूकंप झाला. त्यानंतर पुण्याजवळच्या वाघोली येथे आणि भूकंपाच्या गावांत जे काम झाले, त्याची ओळख या पाठात करून दिली आहे. ‘नेता कोणाला म्हणावे?’ हा प्रश्न मनात ठेवून पाठ वाचा.

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघोली लागते. पूर्वी हे एक लहान गाव होते. वाघेश्वराचे मंदिर, पेशवाईतील सरदार पिलाजी जाधवराव यांचे गाव आणि आजूबाजूच्या दगडखाणी एवढीच त्याची ओळख होती. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत आली. आता तिथे उंच इमारती आहेत. रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ वाहनांची रांग लागलेली असते. या गर्दीत भारतीय जैन संघटनेचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र आहे. शाळा आणि वसतिगृह एकाच आवारात. ही शाळा इथे का आली, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्याला आधी मराठवाड्यात जावे लागेल.

२९ सप्टेंबर १९९३ हा गणेश विसर्जनाचा दिवस होता. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांतील गावे विसर्जन आटोपून रात्री उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. काही सेकंदांतच किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गाडली गेली. मृतांचा सरकारी आकडाच आठ हजारांच्या जवळ जातो.

इतकी माणसे का मेली? भूकंप मोठा होता हे खरे, पण घरांच्या बांधणीचाही त्यात वाटा होता. त्या भागात दगड-मातीच्या जाड भिंती बांधत. छत लाकडाचे, आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहत, म्हणून ती लोकांना सोयीची वाटत. हा प्रदेश मोठ्या भूकंपांसाठी ओळखला जात नव्हता. त्यामुळे जे छत सावली देत होते, तेच एके दिवशी आपल्यावर कोसळेल, असे कोणाच्या मनात आले नाही.

बातमी पसरली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. लष्कराचे जवान आले. डॉक्टर आले. ट्रक भरभरून धान्य, कपडे, पांघरुणे आली. देणाऱ्याने घेणाऱ्याची जात विचारली नाही, की धर्म विचारला नाही. पहिले काही दिवस असेच असतात. माणसे धावून येतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात, पुढारी भेटी देतात. पण महिना उलटला, दोन महिने उलटले की ट्रक कमी होतात. छायाचित्रकार परत जातात. ज्याचे घर पडले तो मात्र तिथेच असतो.

या संकटात एक प्रश्न धान्याने किंवा कपड्याने सुटणारा नव्हता. तो मुलांचा होता. कोणाची आई गेली होती, कोणाचे वडील, कोणाचे दोघेही. शाळांच्या इमारती पडल्या होत्या. वाचलेले नातेवाईक स्वतःच उघड्यावर होते. या मुलांचे शिक्षण कसे होणार?

शांतिलाल मुथ्था हे मूळचे बीड जिल्ह्यातील. त्यांचे स्वतःचे बालपण वसतिगृहात गेले होते. पुढे पुण्यात बांधकाम व्यवसायात त्यांचा जम बसला. तो भरात असतानाच त्यांनी समाजकार्याची वाट धरली आणि १९८५ साली भारतीय जैन संघटना स्थापन केली. भूकंपानंतर या संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. त्यांच्यासाठी पुढे वाघोलीला केंद्र उभे राहिले.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण थोडा विचार करा. एखाद्या आजीजवळ तिचा एकच नातू उरला आहे. पुण्याहून आलेला एक अनोळखी माणूस तिला म्हणतो, “तुमचा मुलगा आमच्याकडे द्या, आम्ही त्याला शिकवू.” आजीने काय करावे? हा माणूस दोन महिन्यांनी कंटाळला तर? मुलाला नीट जेवायला मिळाले नाही तर? मूल परत आलेच नाही तर? ज्याने सर्व काही गमावले आहे, त्याच्याकडून शेवटची वस्तू मागणे सोपे नसते. ती घेणे त्याहून अवघड असते.

उर्दूत ‘अमानत’ हा शब्द आहे. तुम्हाला तो चांगला ठाऊक आहे. एकाने विश्वासाने दुसऱ्याजवळ ठेवलेली वस्तू म्हणजे अमानत. हाच शब्द मराठीत येऊन ‘अनामत’ झाला. आता मराठीत आपण तो बहुधा पैशांसाठी वापरतो, जसे, ‘अनामत रक्कम’. पण त्याचा मूळ अर्थ मोठा आहे. अनामत आपल्या मालकीची नसते. ती जपायची असते आणि मागितली की परत द्यायची असते. तिचा हिशेब द्यावा लागतो. हा ‘हिशेब’ म्हणजेच तुमचा ‘हिसाब’. ‘जबाबदार’ या शब्दातही ‘जवाब’ आहे. जो जबाब देतो तो जबाबदार. नेत्याचे सगळे काम या दोन-तीन शब्दांत येते, आणि ते शब्द तुमच्या-माझ्या दोघांच्याही भाषेत आहेत, ही किती छान गोष्ट आहे!

आता एक साधे गणित करू. १,२०० मुले आहेत. प्रत्येक मूल दिवसातून दोन वेळा जेवते. म्हणजे दररोज २,४०० ताटे. प्रत्येक ताटात दोन भाकऱ्या वाढल्या तर दिवसाला ४,८०० भाकऱ्या. वर्षाला ताटांची संख्या होते ८ लाख ७६ हजार. शिवाय अंघोळीचे पाणी, वह्या-पुस्तके, चपला, औषधे, दिवाळीचे आणि ईदचे नवे कपडे. एखाद्या मुलाला मध्यरात्री ताप चढतो. भूकंपातून वाचलेल्या मुलांपैकी अनेकांना छताखाली झोपायची भीती वाटते. ट्रक जोरात गेला आणि खिडकी थरथरली तरी ती दचकून उठतात. त्यांच्याजवळ कोणीतरी बसावे लागते. हे काम एका दिवसाचे नाही. मूल पाचवीत असेल तर दहावी होईपर्यंत सहा वर्षे लागतात.

भूकंपाच्या दिवशी धावून जाण्यासाठी धैर्य लागते. पण चौथ्या वर्षाच्या एखाद्या मंगळवारी, कोणीही पाहत नसताना, ४,८०० भाकऱ्या वेळेवर होतील हे पाहण्यासाठी वेगळा गुण लागतो. मराठीत त्याला चिकाटी म्हणतात. माझ्या मते धैर्यापेक्षा चिकाटी दुर्मीळ आहे. धैर्याला टाळ्या मिळतात, चिकाटीला बहुधा मिळत नाहीत.

मुलांना गावापासून दूर न्यावे की नाही, याबद्दल दुमत असू शकते. आजचे जाणकार सांगतात, की आपत्तीनंतर शक्य असेल तर मुलांना नातेवाइकांजवळच ठेवावे. ओळखीची माणसे आणि ओळखीची भाषा यांनीही मन सावरते. हे म्हणणे योग्य आहे. पण गावात शाळा नाही आणि घर नाही, अशा वेळी निर्णय घेणाऱ्याला दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. कोणताही निर्णय पूर्ण निर्दोष नसतो. म्हणूनच निर्णय घेऊन बाजूला होता येत नाही. त्याचे जे काही होईल ते शेवटपर्यंत निभवावे लागते.

नेते फक्त पुण्याहून आले असे नाही. ते भूकंपाच्या गावांतही तयार झाले. जी गावे पूर्णपणे पडली होती ती नव्या जागी वसवण्यात आली. पण इतर अनेक गावांत घरांना तडे गेले होते. ती दुरुस्त करून मजबूत करायची होती. १९९४ पासून शासनाने जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम सुरू केला. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. कामाचा एक टप्पा झाला की पुढचा हप्ता. पण कोणाला किती मिळणार, अर्ज कुठे द्यायचा, भिंत कशी बांधायची, हे गावकऱ्यांना कोण सांगणार?

त्यासाठी गावातल्याच स्त्रिया पुढे आल्या. त्यांना ‘संवाद सहायक’ असे नाव होते. प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था त्यांना प्रशिक्षण देत असे. तोवर यांतील पुष्कळ स्त्रिया चावडीवर उभ्या राहून कधी बोलल्या नव्हत्या. आता त्या घरोघर जाऊन माहिती सांगू लागल्या, इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या.

घर मजबूत करण्याची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. दगडी भिंतीला आतून आणि बाहेरून असे दोन पदर असतात. मध्ये माती आणि बारीक दगड भरतात. जमीन हादरली की हे दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत ढासळते. म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाईल असा एक लांब दगड बसवतात. तो दोन्ही पदरांना धरून ठेवतो. गिलावा झाल्यावर हा दगड दिसत नाही. गवंड्याने चार दगड कमी बसवले तरी मालकाला कळणार नाही. शेजाऱ्याला कळणार नाही. कदाचित पन्नास वर्षे कोणालाच कळणार नाही. ज्या रात्री कळेल, त्या रात्री फार उशीर झालेला असेल. संवाद सहायक स्त्रिया हे सगळे समजून घेत आणि घरमालकिणीला सांगत, “गिलाव्याच्या आधी भिंत बघा, दगड मोजा.”

मुलांनो, तुम्ही म्हणाल, “आम्ही कुठे नेते आहोत?” समजा, तुम्ही वर्गाचे मॉनिटर आहात. सहलीसाठी प्रत्येकाकडून पन्नास रुपये गोळा करण्याचे काम सरांनी तुमच्यावर सोपवले. बेचाळीस मुलांनी पैसे दिले. घरी मोजताना पन्नास रुपये जास्त निघाले. कोणी चुकून दोनदा दिले असावेत. त्या मुलाच्या लक्षातही नाही. आता काय कराल? किंवा तुम्ही क्रिकेटच्या संघाचे कप्तान आहात. संघ ओळीने चार सामने हरला आहे. पाचव्या दिवशी सरावाला फक्त सहा जण आले. तुम्ही घरी जाल, की सहा जणांना घेऊन सराव कराल? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी दिलेली नाहीत.

वाघोलीला आलेली मुले यथावकाश मोठी झाली आणि आपापल्या कामाला लागली. केंद्र बंद झाले नाही. नंतर तिथे मेळघाटातील आणि ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मुले शिकायला आली. पुढे कर्जाला कंटाळून ज्या शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांची मुलेही आली. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच संघटनेने तिथे ३६८ शाळा बांधून दिल्या. एकीकडे असे दूरचे काम सुरू होते आणि दुसरीकडे वाघोलीच्या स्वयंपाकघरात रोजचा जेवणाचा हिशेब चालूच होता.

शब्दार्थ

जमीनदोस्त होणे – पूर्ण कोसळणे. ओघ – सतत येणारा प्रवाह. जम बसणे – व्यवसाय नीट चालू लागणे. दुमत – वेगळे मत. निभवणे – शेवटपर्यंत पार पाडणे. चावडी – गावच्या कारभाराची जागा. गिलावा – भिंतीवरील लेप, प्लास्टर. यथावकाश – योग्य वेळ येताच.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भारतीय जैन संघटना कोणी व केव्हा स्थापन केली?
(आ) भूकंपाच्या गावांतील घरांचे छत कसे असे?
(इ) ‘अनामत’ हा शब्द कोणत्या शब्दापासून आला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नातवाला पुण्याला पाठवताना आजीच्या मनात कोणते प्रश्न आले असतील?
(आ) भिंतीच्या आरपार जाणाऱ्या दगडाचा उपयोग काय?
(इ) लेखकाला धैर्यापेक्षा चिकाटी दुर्मीळ का वाटते? तुम्हाला काय वाटते?

३. वाक्यांत उपयोग करा : जम बसणे, धावून जाणे, दचकून उठणे.

४. हिशेब, जबाबदार, हजर, मदत, जमीन हे शब्द मराठीत व उर्दूत आहेत. असे आणखी दहा शब्द शोधा. त्यांचे उच्चार आणि अर्थ दोन्ही भाषांत कसे आहेत, ते वहीत लिहा.