खवखवणारा घसा आणि टायफॉइडचं शेवटचं औषध

घसा खवखवायला लागला की मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप आणायची आणि परस्पर ‘कोर्स’ उरकायचा, ही पद्धत आता घरोघरी आहे. पेशंट ती रिकामी स्ट्रिप माझ्या टेबलावर ठेवतात, तेव्हा मला सिंधची साथ आठवते.

2016 मध्ये पाकिस्तानातल्या सिंधच्या हैदराबाद शहरात टायफॉइड पसरला. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याचा संशय होता. त्यात नवीन काही नाही. नवा होता तो जंतू. नेहमीची औषधं त्याने केव्हाच पचवली होती, आता सेफ्ट्रिआक्झोनचं इंजेक्शनही चालेना. तोंडाने घेण्याजोगं भरवशाचं एकच औषध उरलं, अझिथ्रोमायसिन. तेच आपण सर्दीवर उधळतो आहोत.

सर्दी, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार. अँटिबायोटिकने त्यांचं काहीही बिघडत नाही. मार बसतो तो आतड्यातल्या जंतूंना. कमकुवत मरतात, चिवट उरतात आणि तो चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. शिवाय औषधाचा बराच भाग लघवी-शौचावाटे नाल्यात, तिथून नदीत जातो. कारखान्यांचा वाटा वेगळाच. हैदराबादजवळच्या (हे आपलं, तेलंगणातलं) पाटणचेरूला औषध कारखान्यांचं पाणी शुद्ध करून सोडलं जायचं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या ‘शुद्ध’ पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं प्रमाण औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त होतं. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. महासाथ म्हणायला आणखी काय हवं?

म्हणून कळकळीने सांगते. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीशिवाय मागू नका. फ्रिजवरच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मुलाला, शेजारणीला देऊ नका, संडासात तर मुळीच टाकू नका. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं नाही, तर ‘काहीतरी स्ट्राँग द्या’ असा आग्रह धरू नका. आमच्यातले काही जण त्या आग्रहापुढे नमतात, हेही खरं. मुलांना टायफॉइडची लस दिली आहे का, ते लसीकरणाच्या कार्डावर बघा. आणि ताप तीन दिवसांवर गेला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि ब्लड कल्चर करायचं का, ते विचारा. गोळी आधी घेतली, तर रक्तातला जंतू कल्चरमध्ये सापडेलच असं नाही, आणि मग कोणतं औषध लागू पडेल हे अंदाजानेच ठरवावं लागतं.