माझ्या मथळ्याने निवडून आलेल्या बाई

जिल्ह्याच्या दैनिकात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पहिलं पान लावण्यात. एका उमेदवाराला पाडण्यासाठी आमच्या अंकाने सलग सात दिवस मोहीम चालवली आणि त्या बाई निवडून आल्या. त्या आठवड्याने आणि नंतरच्या वाचनाने जे शिकवलं, ते लिहून ठेवतो आहे.

१. उमेदवाराला मारलेला दगड वाचकाला लागतो.

१९९७ ची जिल्हा परिषद निवडणूक. गट महिलांसाठी राखीव. मालकांचा कौल एका कारखानदाराच्या सुनेकडे होता. समोर उभ्या होत्या चौथीपर्यंत शिकलेल्या एक माजी सरपंच. त्यांच्या सहीचा एक कागद कुणीतरी टेबलावर आणून ठेवला. अक्षरं वेडीवाकडी होती. मी मथळा दिला, ‘अंगठाबहाद्दर जिल्हा चालवणार?’ दोन दिवसांनी सभेत बाईंनी तेच कात्रण आपल्या दहावीतल्या मुलीकडून वाचून घेतलं आणि एवढंच बोलल्या, "मला शिकवायला माझ्या बापाकडं पैसं नव्हतं. तुमच्यातल्या किती जणींच्या बापाकडं हुतं?" आमचा वार्ताहर परत आला तो खाली मान घालून. बायका पदराने डोळे पुसत होत्या, म्हणाला. त्या गटात सही करताना अडखळणाऱ्या बायका घरोघर होत्या. मी त्या सगळ्यांनाच अंगठाबहाद्दर म्हटलं होतं.

२. रोज तेच छापलं की लोक छापणाऱ्याकडे बघू लागतात.

पहिल्या दिवशी चर्चा उमेदवाराची होते. चौथ्या दिवशी पारावर प्रश्न येतो, "यांना एवढी घाई कशाची?" तालुक्याच्या एजंटाने फोन करून सांगितलं होतं, "साहेब, अंक खपतोय, पण लोक मालकांचं नाव घेऊन वाचतायत." ते मी वर कळवलंसुद्धा नाही.

३. शिव्यांच्या ढिगाखाली खरा प्रश्न गाडला जातो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मुंबईचंच आहे. १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन उभे होते, विरोधात आचार्य कृपलानी. डी. एफ. कराका यांचं ‘करंट’ साप्ताहिक मेनन यांच्यावर तुटून पडलं होतं, आर. के. करंजिया यांचं ‘ब्लिट्झ’ तितक्याच त्वेषाने त्यांच्या बाजूने लढत होतं. मेनन कम्युनिस्ट आहेत, हा हल्ल्याचा मुख्य सूर. नेहरूंनी स्वतः त्यांच्यासाठी प्रचार केला आणि मेनन कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मतं घेऊन निवडून आले. नेहरूंचा शब्द आणि काँग्रेसची यंत्रणा यांचा वाटा त्यात मोठा होता, हे मान्य. मला खटकतं ते वेगळं. मेनन यांच्याबद्दल विचारण्यासारखा एक गंभीर प्रश्न होता: सैन्याची तयारी कितपत आहे, आणि सेनापतींशी त्यांचं का पटत नाही? १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी राजीनामा देऊन नंतर तो मागे घेतला होता. पण ‘कम्युनिस्ट, कम्युनिस्ट’ या गजरात तो प्रश्न मतदाराला द्वेषाचाच भाग वाटला असणार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला आणि नोव्हेंबरात मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावं लागलं.

४. हल्ला दर वेळी उलटतोच, असं मात्र नाही.

१९६७ मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारल्यावर मेनन अपक्ष उभे राहिले. तेव्हा नव्याने निघालेल्या शिवसेनेने आणि ‘मार्मिक’ साप्ताहिकाने त्यांचं परप्रांतीय असणं पुढे केलं. मेनन हरले, स. गो. बर्वे जिंकले. ब्रिटनमध्ये जून २०१७ च्या मतदानाच्या आदल्या दिवशी ‘डेली मेल’ने जेरेमी कॉर्बिन यांच्याविरुद्ध पानंच्या पानं खर्ची घातली, तरी त्यांच्या मजूर पक्षाच्या जागा वाढल्या आणि सत्ताधारी हुजूर पक्षाचं बहुमत गेलं. २०१९ मध्ये तेच वृत्तपत्र, तेच कॉर्बिन, आणि मजूर पक्षाला मिळाल्या २०२ जागा, १९३५ नंतरच्या सर्वांत कमी. म्हणून हल्ला उलटेल या भीतीने लेखणी आवरायची, हा हिशेब मला पटत नाही. चुकीचं आहे म्हणूनच आवरायची.

५. गेलेली पत खऱ्या बातमीच्या दिवशी कळते.

बाई निवडून आल्यावर दोन वर्षांनी त्यांच्या गटातल्या एका नळपाणी योजनेची कागदपत्रं आमच्या हाती आली. पाइप कागदावर पुरले होते, जमिनीत नव्हते. बिलं निघाली होती. बाईंचा त्यात हात नव्हता, ठेकेदार मात्र त्यांच्या गोटातला होता. आम्ही मोजमापाच्या वहीच्या फोटोसकट बातमी छापली. गावात लोक म्हणाले, "हे तर बाईंच्या मागंच लागलेत." चौकशीची मागणी करायला ग्रामसभेत एक माणूस उठला नाही. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही उन्हाळ्यात त्या वस्तीतल्या बायकांनी दीड कोसावरून पाणी आणलं. यांतल्या कितीतरी जणी निवडणुकीच्या त्या सभेत डोळे पुसत बसलेल्या होत्या. ती बातमी अक्षर न् अक्षर खरी होती.

आज बातम्यांच्या टेबलावर बसणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. निवडणूक तोंडावर असताना एखाद्या उमेदवाराविरुद्धचा तयार कागद कुणी तुमच्यासमोर आणून ठेवला, तर पान सोडण्याआधी त्या उमेदवाराला फोन करा आणि त्याचं म्हणणं त्याच बातमीत छापा. बाईंच्या घरी फोन नव्हता, पण ग्रामपंचायतीत होता. मी केला नाही.